घरच्या काळ्या मशीनवर ट्रेकचे पाऊच शिवताना

बाजारातला पाऊच सहसा कापडात फाटत नाही, तो टाक्यात उसवतो. आमच्या ग्रुपमधली पोरंपोरी दुरुस्तीला पाऊच आणून देतात ते उघडून बघितले की हेच दिसतंय, कापड धडधाकट असतंय, आणि पट्टा जोडलेला असतो तिथं चार टाके, चेनच्या टोकाला दोन टाके, आत शिलाईची माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडलेली कड, एवढीशी की बोटानं ओढली तरी कडेचे धागे सुटून येतात. म्हणजे कंपनीनं कापडावर पैसे घातले, छापलं पण तेच, '६०० डी, वॉटरप्रूफ', आणि जिथं खरा ताण येतोय तिथं हात आखडता घेतला. म्हणूनच मला मनापासून वाटतं की ज्याच्या घरात शिवणाचं मशीन आहे त्यानं आपले पाऊच स्वतःच शिवावेत, कारण कारखान्यात जी दोन मिनिटं वाचवतात ती आपण घरी घालू शकतो, आणि टिकाऊपणा त्या दोन मिनिटांतच असतोय.

मी राहते बेळगावच्या वडगावात. आमच्या आणि खासबाग-शहापूरच्या बोळांत अजून लूमचा खडखडाट ऐकू येतो. घरात आत्याचं पायाचं काळं मशीन आहे, सरळ टीप मारणारं, झिगझॅग नाही, बटणं नाहीत, काही नाही. बाहेरचे लोक विचारतात की असलं जाड कापड साध्या मशीनवर होतंय का, तर होतंय, उलट नव्या प्लास्टिकच्या हलक्या मशीनपेक्षा हे जुनं लोखंडी धूड जाड कापडाला बरं, फक्त त्याला घाई चालत नाही.

आणि आमच्या भागाला टिकाऊ पाऊच लागतोच. रविवारी सकाळी राजहंसगडाला जाऊन यायचं असेल तर पिशवीत टाकलं तरी चालतं हो, पण चंदगडकडं कलानिधीगड, महिपाळगड, पारगड करायचे म्हटलं किंवा पावसाळ्यात खानापूरच्या पुढं जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला गेलं, जिथं मलप्रभा उगम पावते, तर तिथला पाऊस दिवसभर सरळ खाली पडतोय आणि आडवा पण येतोय, लाल माती चेनच्या दातात जाऊन बसते, कारवीच्या काड्या घासतात, जांभ्याच्या दगडावर बसलं की कमरेचा पाऊच खरवडतो. मुंबई-पुण्याच्या व्हिडिओत दाखवतात ते हलकं पातळ सिल्नायलॉन (सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन) वगैरे वजन वाचवायला छानच आहे, पण पातळ कापड असल्या खरवडीला किती दिवस पुरणार.

कापडाचं आधी सांगते आणि लवकर संपवते, कारण लोक तिथंच अडकून बसतात. कापडावर जो डेनिअरचा आकडा असतो ('६०० डी'मधला डी तोच) तो म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, १००० डेनिअर म्हणजे एवढ्या लांब धाग्याचं वजन एक किलो. हे मला आमच्या शेजारच्या लूमवाल्या काकांकडनं कळलं, त्यांना डेनिअर म्हटलं की लगेच समजतंय कारण रेशीम आणि पॉलिएस्टरचा धागा ते त्याच मापानं घेतात, आणि सुताचा काउंट मात्र उलटा चालतो, आकडा वाढला की धागा बारीक. तर बेल्टवर लावायच्या पाऊचला ५०० डेनिअरच्या आसपासचं कापड भरपूर झालं. १००० डेनिअर कॉर्ड्युरा मिळालं तर बेस्ट, ते नायलॉन असतं आणि त्याचा धागा मुद्दाम थोडा फुगवलेला असतो म्हणून घासलं तरी लवकर विरत नाही, पण घरच्या मशीनवर त्याचे सहा-सहा थर एकावर एक आले की हात भरून येतात. आपल्याकडं बॅगवाल्यांकडं सहज मिळतं ते पॉलिएस्टरचं 'मॅटी' कापड, मागच्या बाजूला कोटिंग असलेलं, सुरुवात त्यानंच करा. जुनी सॅक, जुनी ऑफिस बॅग असली तर ती उसवून त्याचं कापड घ्या, त्यातलं बकल आणि पट्टे पण फुकट मिळतात. जाड सुती कॅनव्हास मला आवडतो, भिजला की धागे फुगतात आणि सुईची भोकं आपोआप आवळली जातात, पण ओला ठेवला की बुरशी धरतोय, आणि आमच्याकडं जून ते सप्टेंबर काय वाळतंय सांगा बघू.

कापडाचा उभा-आडवा धागा मात्र बघायचाच. पट्टा ज्या दिशेनं ओढणार त्या दिशेनं कापडाचा सरळ धागा पाहिजे, तिरपं कापलं तर ते ताणतं आणि पाऊच महिनाभरात लोंबायला लागतो. काका तर कापड हातात घेऊन दोन्ही दिशेनं एकदा झटकतात आणि लगेच सांगतात, ताणा कुठला, बाणा कुठला.

आता दोरा. आत्याचं एक वाक्य आहे, "अगं कापड काय करतंय गं, दोरा बघ की आधी!" आणि ते शंभर टक्के खरं आहे. ब्लाउज शिवायचा सुती किंवा साधा बारीक दोरा इथं अजिबात वापरायचा नाही. सुती दोरा ओलाव्यानं कुजतो, आणि कापड नायलॉनचं असलं की तेच कापड त्या मऊ दोऱ्याला कापत राहतं. मला पटलाय तो जाड पॉलिएस्टर दोरा. नायलॉनचा बॉन्डेड दोरा ताकदीला जास्त आहे, चपला-बॅगावाले तोच वापरतात, पण साध्या हवेतसुद्धा नायलॉन आपल्या वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास ओल धरतं आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, शिवाय उन्हात नायलॉन लवकर कमजोर होतं. सॅकच्या बाहेर कायम उन्हापावसात लोंबणाऱ्या वस्तूला म्हणून पॉलिएस्टर. जाडीचा आकडा रिळावर 'टेक्स' म्हणून असतो, १००० मीटरचं ग्रॅममधलं वजन, त्यात ७० टेक्स म्हणजे घरच्या मशीनची साधारण कमाल मर्यादा समजा. सुट्या रिळावर कधी काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा दुकानदाराला सांगून वीतभर दोरा घ्या आणि बाहेर येऊन काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आला आणि राख उरली तर सूत, वितळून टोकाला कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर, आणि धूर काळा असला तर बहुतेक पॉलिएस्टर.

दोरा जाड झाला की सुई पण बदलायची, इथं बरेच जण मशीनला शिव्या घालत बसतात. १६ नंबर नाहीतर १८ नंबरची सुई, पाकिटावर १००/१६, ११०/१८ असं असतं, त्यातलं १०० म्हणजे सुईची जाडी १ मिलिमीटर. बारीक सुईच्या नाकातनं जाड दोरा घासत जातो, पिंजतो आणि मग टाका सुटतो. सुई वाकली असेल तरी टाका सुटतो, आणि ती वाकलीय हे डोळ्याला दिसत नाही, काचेवर सपाट बाजू टेकवून खालची फट बघायची. सुई ही खपणारीच वस्तू आहे, तिच्यात काटकसर करू नका.

टाक्याची लांबी सुद्धा मोठी ठेवायची. आपल्याला वाटतं बारीक टाके म्हणजे मजबूत, ब्लाउजला ते बरोबर आहे, पण जाड कोटिंगच्या कापडाला इंचात बारा-चौदा भोकं पाडली की पोस्टाच्या तिकिटासारखं ते त्याच रेषेवर फाटायला तयार होतंय. इंचाला सात-आठ टाके पुरे. आणि आधी त्याच कापडाच्या चिंधीवर, तेवढेच थर घेऊन, टीप मारून बघायची. खालच्या बॉबिनचा दोरा वर टिपक्यासारखा दिसायला लागला तर वरचं टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण, जास्त आहे, सैल करा. वरचा दोरा खाली झिपऱ्यासारखा लोंबत असला तर उलट. दोन दोऱ्यांची गाठ थरांच्या मध्ये लपली पाहिजे, वरून पण नाही दिसायची, खालून पण नाही.

टाचण्या मी वापरत नाही, कोटिंगच्या कापडात टाचणीचं भोक तसंच राहतं. त्याऐवजी ऑफिसातले काळे कागदाचे क्लिप किंवा कपडे वाळत घालायचे चिमटे. कापायच्या आधी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माप काढायचं, कॅलेंडरचा कागद कडक असतो म्हणून त्याभोवती खडू नीट फिरतो.

माप काढायची एक सोपी पद्धत सांगते, तळाला रुंदी असलेल्या चौकोनी पाऊचची. समजा तयार पाऊच १८ सेंटीमीटर रुंद, १२ उंच आणि ५ जाड पाहिजे. पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे. रुंदीत १८ अधिक जाडीचे ५ अधिक दोन्हीकडची १-१ माया, झाले २५. उंचीत १२ अधिक जाडीचे अर्धे म्हणजे अडीच, अधिक वर-खाली १-१ माया, झाले साडेसोळा. मग दोन्ही तुकड्यांच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून अडीच बाय अडीचचा चौकोन कापून टाकायचा. बाजू शिवल्या, तळ शिवला, की ते कापलेले कोपरे असे चिमटीत धरायचे की बाजूची शिलाई तळाच्या शिलाईवर येईल, आणि आडवी टीप मारायची, की ५ सेंटीमीटरचा तळ आपोआप उभा राहतो. जाडी बदलली की चौकोन त्याच्या अर्धा, एवढंच लक्षात ठेवायचं. बाटलीचा गोल पाऊच करायचा असला तर बाटलीचा परीघ दोरीनं मोजा, साडेसात सेंटीमीटर जाडीच्या स्टीलच्या बाटलीचा साडेतेवीसच्या वर येतो, त्यात २ सैलपणाचे आणि २ मायेचे, म्हणजे २८ला कापा, तळाचा गोल मायेसकट सव्वादहा सेंटीमीटर व्यासाचा. सैलपणाचे २ सोडू नका, ओल्या हातानं ओली बाटली ओल्या पाऊचमध्ये घालायची वेळ येते तेव्हा त्याची किंमत कळते.

आता पट्टे, आणि इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर असल्यामुळं कॅम्पच्या बाजूला लष्करी सामानाची दुकानं आहेत, तिथं घट्ट विणीची नवारपट्टी मीटरवर मिळते, २५ मिलिमीटरची घ्या. खाटेची सुती नवार नको, ती पाण्यात जड होते. पट्टी कापली की लगेच मेणबत्तीवर कड वितळवून घ्यायची, ज्योतीला टेकवायची नाही, बाजूनं फिरवायची म्हणजे काळी होत नाही.

पट्टी जोडताना तिचं टोक पाऊचवर कमीत कमी अडीच सेंटीमीटर चढवायचं आणि त्यावर चौकोन, चौकोनात फुली. मी असं करते: खालच्या कोपऱ्यातनं सुरू, चारही बाजू, पहिल्या कोपऱ्यात परत आलं की सुई कापडात रुतवून ठेवायची, कापड दाबून धरणारा मशीनचा फूट उचलायचा, कापड फिरवायचं, कर्णानं वर, मग वरच्या बाजूनं पुन्हा एकदा त्याच टाक्यांवरनं, मग दुसऱ्या कर्णानं खाली, आणि शेवटी तीन-चार टाके मागं. दोरा एकदाही तोडायचा नाही. पट्टी दुहेरी, त्याखाली कापड, आणि कापडाच्या आतल्या बाजूला आणखी एक चार बोटांचा तुकडा, हा आतला तुकडा अजिबात विसरू नका, ओढ सगळी त्या चौकोनावर न येता आजूबाजूच्या कापडावर वाटली जाते ती त्याच्यामुळं. एवढ्या थरांवर पाय मारायचा नाही, उजव्या हातानं चाक फिरवायचं, एक एक टाका, सुई थराला टेकली की हाताला कळतंय, तिथं जोर न देता हळू दाबत नेलं की बारीक कट असा आवाज येऊन ती पलीकडं जाते. जाड भागावर चढताना फूट मागं कलंडतो आणि टाके आखडतात, म्हणून फुटाच्या मागं त्याच कापडाची घडी सरकवायची म्हणजे फूट सपाट राहतो. शिवायच्या आधी सांध्यावर हातोडीनं दोन-चार ठोके घातले तर आणखी सोपं जातंय.

पण टाका कितीही चांगला असू दे, ओढ कुठल्या दिशेनं येते ते चुकलं तर काही उपयोग नाही. पट्टी कापडाला समांतर ओढली गेली तर चौकोनातले सगळे टाके मिळून वजन झेलतात. तीच पट्टी काटकोनात, सोलून काढल्यासारखी ओढली तर सगळा भार पहिल्या ओळीवर येतोय, ती सुटली की दुसरी, आणि मग सगळीच. म्हणून बेल्टचा लूप पाऊचच्या पाठीवर उभा लावायचा, वरचं टोक बेल्टच्या वर आणि खालचं टोक पार तळापर्यंत नेऊन, म्हणजे वजन पट्टीच्या लांबीत खाली लोंबतं. बाजारातले किती तरी पाऊच फक्त वरच्या कडेला अडकवलेल्या दोन आखूड लूपवर लटकत असतात, आणि पळताना ते पुढं-मागं हलले की टाके सोलले जातात.

ज्यांना सॅकच्या पट्ट्यांवर पाऊच अडकवायचे आहेत त्यांनी अमेरिकन लष्कराची मोले पद्धत बघावी, १९९०च्या दशकात नेटिकच्या त्यांच्या संशोधन केंद्रात ती तयार झाली. एक इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्या, मध्ये एक इंच जागा, आणि प्रत्येक दीड इंचावर उभी शिलाई. पाऊचच्या पाठीवर पण तशाच पट्ट्या, आणि एक लांब उभी पट्टी सॅकच्या आणि पाऊचच्या पट्ट्यांतनं आलटून पालटून विणत खाली आणायची, मग खाली टिचबटण. विणलेली असल्यामुळं पाऊच अजिबात डुलत नाही. आमच्या लूमवाल्या काकांना ही कल्पना फारच आवडली. माप मात्र मिलिमीटरला पक्कं पाहिजे, दीड इंचाचं पावणेदोन झालं तर दुसऱ्याच्या सॅकवर बसणार नाही.

चेन शक्यतो मीटरवर मिळते ती घ्या, रनर सुटे मिळतात. ५ नंबर छोट्या पाऊचला, ८ नंबर मोठ्याला, नंबर म्हणजे साधारण बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी. लोखंडी दातांची नको, गंजते. चेनच्या दोन्ही टोकांना कापडाची छोटी टोपी शिवा आणि चेन कोपऱ्याच्या २ सेंटीमीटर अलीकडंच संपवा, कोपऱ्यावरून वळवलेली चेन तिथंच पहिली उघडी पडते. चेनवर बोटभर रुंदीची झाकणपट्टी आली तर लाल मातीपासून निम्मी सुटका. ओढायला दोरीची गाठ, गार पडलेल्या बोटांना धातूची ती बारकी जीभ पकडता येत नाही.

आत कडा उघड्या सोडायच्या नाहीत. घरी कडा गुंफणारं इंटरलॉकचं मशीन नसलं तरी काही अडत नाही, जाड फितीचा गोट मारायचा, कड फितीच्या घडीत पूर्ण आत घालून एका टिपेत. पाऊच आतनं उलटा केला तरी बघणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे. आत्या दुसऱ्याचं शिवण बघते ते नेहमी उलटं करूनच बघते.

पाण्याचं एक स्पष्ट सांगते, शिवलेला पाऊच वॉटरप्रूफ नसतोय. प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, कापडावर काहीही लिहिलेलं असू दे. कणकुंबीच्या पावसात पाणी वरनं शिरणारच, तर ते खालनं जाऊ दे, तळाला एक पितळी आयलेट (भोकाची कडी) ठोकायची आणि पाणी वाहून जाऊ द्यायचं. मोबाईल आणि औषधं आत वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. आणि घरी आल्यावर पाऊच पूर्ण उघडून सावलीत वाऱ्याला टांगायचा. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग ओलसर दमट जागेत पडून राहिलं की हळूहळू त्याची फोड होते, चिकट होतं आणि मग पापुद्रे सुटतात, जुना रेनकोट कपाटातनं काढला की हाताला जो चिकटपणा लागतो तो हाच. एकदा सुरू झालं की त्याला उपाय नाही, म्हणून मी कोटिंगच्या कापडातसुद्धा बिनअस्तराचेच पाऊच करते, लवकर वाळतात आणि काय चाललंय ते दिसतं.

आमच्या आजोबांची चंची होती, मांजरपाटाची, पान, सुपारी, तंबाखू, चुना सगळ्याला वेगळे कप्पे, गुंडाळायची आणि वरून दोरीचा वेढा. आजीनं हातानं शिवलेली, कडेला दुहेरी गोट, आणि दोरी जिथं जोडलेली तिथं मागं एक जास्तीचं ठिगळ. ना चेन, ना बकल. माझा प्रथमोपचाराचा पाऊच मी तसाच गुंडाळीचा केलाय, पट्ट्या, कात्री, मलम, जळवांसाठी तंबाखूची पुडी, एका ओढीत सगळं मांडीवर उघडं होतंय, सॅकमध्ये हात घालून चाचपत बसावं लागत नाही. ज्यांना पहिल्यांदाच काही शिवायचंय त्यांनी खरं तर इथनंच सुरुवात करावी, सगळ्या सरळ टिपा आहेत.

आता जांबोटीकडच्या आमच्या मामांनी कोयत्याचं म्यान मागितलंय, काजूच्या बागेत जाताना कमरेला अडकवायला. नुसतं कापड तिथं चालणार नाही, आत कडक अस्तर पाहिजे, म्हणून पीव्हीसी पाइपाचा तुकडा गरम करून दोन फळ्यांत दाबून सपाट केलाय, आणि त्याच्यावर कॅनव्हासचं कव्हर. अडचण कोयत्याच्या बाकाची आहे, पातं आत जाताना सरळ जात नाही, वळत जातं, त्यामुळं एका बाजूनं म्यान अर्धं उघडं ठेवून तिथं टिचबटणाची पट्टी द्यावी लागेल, आणि धार नेमकी कुठल्या बाजूनं टेकते ते बघून त्या बाजूला एकही टाका येऊ द्यायचा नाही. कागदावर माप काढून ठेवलंय. तुमच्याकडं कुणी असलं म्यान शिवलं असेल तर पट्टी वरनं घेतली का खालनं, तेवढं सांगा.